रन-फ्लॅट की साधे टायर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टायर बदलायला आले, किंवा नवी गाडी घेतल्यावर डिकीत स्टेपनीच नाही असं लक्षात आलं, की हे प्रश्न येऊ लागतात. बहुतेकांना एका ओळीत उत्तर हवं असतं: यातला चांगला टायर कुठला? पण रन-फ्लॅट की साधा हे ठरवताना तुम्ही खरं तर पंक्चर झाल्यावर काय करायचं ते ठरवत असता. म्हणून खालची बरीचशी उत्तरं फिरून तिथेच येतात. घाईत असाल तर प्रश्न १२ आधी वाचा.

१. रन-फ्लॅट टायर म्हणजे नेमकं काय? त्यात हवा नसते का?

हवा असते, आणि साध्या ट्यूबलेस टायरइतकीच गरजेची असते. फरक आहे तो बाजूच्या भिंतीत, म्हणजे साइडवॉलमध्ये. साध्या टायरची साइडवॉल पातळ आणि लवचिक असते. गाडीचा भार पेलते ती मुख्यतः आतली दाबाची हवा. ती गेली की साइडवॉल रिम आणि रस्ता यांच्यात चेपते, दुमडते आणि थोड्याच अंतरात तिच्या चिंध्या होतात. रन-फ्लॅटच्या साइडवॉलमध्ये आतून उष्णता सोसणाऱ्या कडक रबराचा जाड थर दिलेला असतो. हवा पूर्ण गेली तरी ही भिंत काही काळ गाडी उचलून धरते आणि टायर रिमवर टिकून राहतो.

आज 'रन-फ्लॅट' म्हणून जे विकलं जातं ते जवळपास सगळं याच प्रकारचं. रिमभोवती आतून आधाराची कडी बसवायचा एक प्रकारही होता. मिशलिनने तो 'पॅक्स' या नावाने आणला होता. टायर उतरवायला वेगळी यंत्रसामग्री लागायची, त्यामुळे रोजच्या गाड्यांमध्ये तो मागे पडला.

२. पंक्चर झाल्यावर किती लांब आणि किती वेगाने जाता येतं?

सर्वसाधारण मर्यादा ८० किलोमीटर अंतर आणि ताशी ८० किलोमीटर वेग. दोन्ही आकडे कमाल आहेत. चाचणीतल्या परिस्थितीपेक्षा रस्ता खराब असेल, ऊन कडक असेल, गाडीत माणसं आणि सामान जास्त असेल, तर अंतर कमी होतं. काही गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत अर्धवट भरलेल्या गाडीसाठी ८० किलोमीटर आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी अवघे ३० किलोमीटर असं स्वच्छ लिहिलेलं असतं. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतच बघायचा. विक्रेत्याने तोंडी सांगितलेला धरू नका.

या मर्यादेमागे उष्णता आहे. हवा नसताना साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि सरळ होते. त्यातून रबर तापत जातं, आणि वेग वाढवला की फार भराभर तापतं. म्हणून '८० किलोमीटर जायचंय, जरा दामटून लवकर पोचू' हा हिशोब उलटा पडतो.

३. माझ्या गाडीला रन-फ्लॅट आहेत की साधे, हे कसं ओळखायचं?

टायरच्या बाजूवर लिहिलेलं वाचा. वरवर बघून कळत नाही. प्रत्येक कंपनीचं चिन्ह वेगळं आहे (टायरवर ती रोमन अक्षरांत असतात): ब्रिजस्टोन 'आरएफटी' लिहिते, मिशलिन 'झेडपी' म्हणजे झिरो प्रेशर, कॉन्टिनेंटल 'एसएसआर', गुडइयर 'आरओएफ'. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांचीही चिन्हं असतात. मर्सिडीजचं 'एमओई' म्हणजे मर्सिडीजसाठी बनवलेला रन-फ्लॅट, आणि नुसतं 'एमओ' असेल तर तो साधा टायर. एका अक्षराचा फरक आहे, आणि मागणी नोंदवताना हमखास चुकतो तो इथेच.

फसवणारी आणखी काही अक्षरं आहेत. 'झेडआर' हे वेगाच्या श्रेणीशी संबंधित आहे, त्याचा रन-फ्लॅटशी काही संबंध नाही. 'एफआर' म्हणजे रिमच्या कडेला ओरखडे पडू नयेत म्हणून दिलेली रबराची उंच कड. आणि 'आरएफ' सगळ्यात घातक. मापातच 'आर'च्या जागी 'आरएफ' असेल, उदाहरणार्थ २२५/४५ आरएफ १७, तर तो रन-फ्लॅट. पण विक्रेत्यांच्या याद्यांमध्ये मापाच्या शेवटी येणारं 'आरएफ' बऱ्याचदा 'रीइन्फोर्स्ड', म्हणजे जास्त भार पेलणारा साधा टायर, या अर्थाने असतं. शंका असेल तर 'पंक्चर झाल्यावर चालतो तोच ना?' असं सरळ विचारा.

डिकीत स्टेपनी नाही म्हणजे टायर रन-फ्लॅटच असतील, असंही धरू नका. हल्ली कित्येक गाड्या साध्या टायरवर नुसतं सीलंट किट (भोक बुजवणारा चिकट द्रव) देऊन विकतात.

४. सेल्फ-सीलिंग टायर आणि रन-फ्लॅट एकच का?

नाही. सेल्फ-सीलिंग टायरची साइडवॉल साधीच असते; रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या आतून चिकट लेप दिलेला असतो. खिळा घुसला की लेप त्याच्याभोवती बसतो, खिळा निघाला की भोक बुजवतो. साधारण ५ मिलिमीटरपर्यंतचं भोक तो सांभाळतो, आणि तेही फक्त नक्षीच्या भागातलं. साइडवॉल कापली गेली किंवा टायर रिमपासून सुटला तर त्याचा उपयोग शून्य. उलट रन-फ्लॅट भोक बुजवत नाही, हवा गेल्यावरही चालतो.

खिळा लागणं हेच तुमच्याकडचं नेहमीचं दुखणं असेल तर सेल्फ-सीलिंग हा चांगला मधला मार्ग आहे, आणि त्याकडे लोकांचं फार कमी लक्ष जातं.

५. कंपन्या स्टेपनी काढून रन-फ्लॅट का देतात? पैसे वाचवायला?

तेही आहेच. पण डिकीतली जागा आणि वजन ही मोठी कारणं आहेत. चाक, जॅक, पाना आणि ते ठेवायचा खोलगट भाग गेला की तिथे बॅटरी, सायलेन्सर किंवा सामान मावतं. शेवरोलेच्या कॉर्व्हेटला १९९४ मध्ये गुडइयरचे रन-फ्लॅट पर्याय म्हणून मिळू लागले आणि १९९७ च्या नव्या पिढीत ते सर्वच गाड्यांना आले. त्या गाडीत स्टेपनीला जागाच ठेवली नव्हती. पुढे बीएमडब्ल्यूने आपल्या नेहमीच्या गाड्यांमध्ये ते सर्रास दिले, आणि सर्वसामान्य ग्राहकाला रन-फ्लॅट माहीत झाले ते तिथून.

६. रन-फ्लॅटवर गाडी खरंच जास्त दणके देते का?

हो, त्याच मापाच्या साध्या टायरच्या तुलनेत देते. जी कडक साइडवॉल पंक्चरमध्ये गाडी पेलते, ती एरवी खड्ड्यातही कमी दबते. रस्त्यातला सांधा, उखडलेला डांबराचा तुकडा, गतिरोधकाची कड असे छोटे आणि तीक्ष्ण धक्के जास्त जाणवतात. लांब, सावकाश चढउतारांत फारसा फरक कळत नाही.

मात्र सगळा दोष रन-फ्लॅटवर टाकू नका. हे टायर बहुतेक वेळा मोठ्या रिमवर, कमी उंचीच्या मापात येतात, आणि कमी उंचीचा साधा टायरही दणके देतोच. १९ इंची रिमवर रन-फ्लॅट काढून साधा टायर लावला आणि 'फारसा फरक पडला नाही' म्हणून निराश झालेले लोक बरेच आहेत. त्यांचं खरं दुखणं रिमचं माप हे होतं. नव्या पिढीतले रन-फ्लॅट पहिल्या पिढीपेक्षा बरेच मऊ आहेत. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून आजच्या टायरबद्दल मत बनवू नका.

७. मायलेज, आवाज, झीज यांत फरक पडतो का?

थोडा. एका टायरमागे साधारण एक-दोन किलो वजन वाढतं, त्यामुळे मायलेज किंचित घटू शकतं, आणि आवाज किंचित वाढू शकतो. झीज मात्र रबराच्या मिश्रणावर, अलाइनमेंटवर आणि तुमच्या ब्रेक मारण्याच्या सवयीवर जास्त अवलंबून असते. या तिन्ही कारणांसाठी रन-फ्लॅट घ्यायचं किंवा सोडायचं ठरवू नये. किंमत हे कारण खरं आहे: त्याच मापात रन-फ्लॅट महाग असतो, आणि पंक्चरनंतर दुरुस्त होण्याऐवजी बदलावा लागण्याची शक्यताही जास्त (प्रश्न ९).

८. डॅशबोर्डवरचा टायरच्या दाबाचा दिवा लागलाय, पण टायर तर व्यवस्थित दिसतोय. आता काय करू?

रन-फ्लॅट 'व्यवस्थित दिसणं' याला काही अर्थ नाही. साध्या टायरची हवा गेली की तो बसलेला दिसतो. रन-फ्लॅटमध्ये हवा अर्धी झाली तरी आकार जवळपास तोच राहतो. लाथ मारून किंवा अंगठ्याने दाबून तर काहीच कळत नाही. गेज लावूनच दाब बघावा लागतो.

दिवा चालू गाडीत लागला तर स्टिअरिंग घट्ट धरा, जोरात ब्रेक मारू नका, वेग सावकाश ८० च्या खाली आणा. वळणं हळू घ्या, खड्डे टाळा. सुरक्षित जागी थांबून चारही चाकांचा दाब मोजा. थोडाच कमी असेल तर भरून घ्या आणि काही तासांनी पुन्हा मोजा. शून्याजवळ असेल तर अंतराची मोजणी सुरू झाली असं समजा आणि थेट टायरवाल्याकडे जा. वाटेत गाडी थरथरायला लागली, रबर जळाल्याचा वास आला किंवा धपधप आवाज सुरू झाला, तर ८० किलोमीटर पूर्ण व्हायची वाट बघू नका. तिथेच थांबा.

९. रन-फ्लॅटचं पंक्चर काढता येतं का? एक टायरवाला हो म्हणतो, दुसरा नाही.

दोघंही बरोबर असू शकतात. सगळं अवलंबून आहे ते हवा गेल्यावर टायर चालवला होता का, यावर.

खिळा घुसला, दिवा लगेच लागला, दाब थोडाच उतरलेला असताना तुम्ही थांबलात, तर आतल्या थराला इजा झालेली नसण्याची शक्यता चांगली. भोक नक्षीच्या मधल्या पट्ट्यात आणि ६ मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर काही टायर कंपन्या आतून प्लग-पॅच (भोकात बूच आणि त्यावर आतून पट्टी) लावून दुरुस्तीला परवानगी देतात, बहुतेक एकदाच. काही कंपन्या कुठल्याच परिस्थितीत देत नाहीत. त्यामुळे तुमच्या टायरच्या कंपनीचा नियम पाहणं हे पहिलं काम.

टायर शून्य दाबावर चालला असेल तर प्रश्नच मिटला, बदलायचा. बाहेरून तो नव्यासारखा दिसेल. रिमवरून उतरवून आत टॉर्च मारला की खरी गोष्ट कळते: तळाशी खोडरबर घासल्यावर पडतो तसा काळा चुरा, साइडवॉलच्या आतल्या बाजूला गोल फिरत गेलेली सुरकुत्यांची रेघ, कुठे रबराला निळसर झाक. यातलं एक जरी दिसलं तरी तो टायर संपला. आणि काहीच दिसलं नाही म्हणून तो शंभर टक्के ठीक असतो असंही नाही. कडक थराच्या पोटात झालेली इजा डोळ्यांना दिसत नाही. बऱ्याच कंपन्या सरसकट नाही म्हणतात ते यामुळेच.

म्हणून टायर न उतरवता बाहेरून पट्टी कोंबून देणाऱ्याकडे रन-फ्लॅट देऊ नका. त्याचं काम वाईट असेल असं नाही, पण जे बघायला हवं ते तो बघतच नाही.

१०. माझ्या गाडीतली दाबाची सूचना देणारी यंत्रणा बिघडली आहे. तरी रन-फ्लॅट वापरू का?

आधी ती दुरुस्त करा. हवा गेल्याचं तुम्हाला हाताला जाणवेलच असं नाही, आणि डोळ्यांना दिसत नाही हे प्रश्न ८ मध्ये आलंच. यंत्रणा नसेल तर ८० किलोमीटर कधी सुरू झाले आणि कधी संपले, दोन्ही कळणार नाही. मग ताशी १२० च्या वेगात टायरच्या भिंती फाटल्यावरच उलगडा होईल.

या यंत्रणेचे दोन प्रकार आहेत. एकात चाकाच्या आत दाब मोजणारा सेन्सर असतो. त्याची बॅटरी काही वर्षांनी संपते. दुसऱ्यात सेन्सर नसतो, एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) मदतीने चाकांच्या फिरण्यातला फरक ओळखतात. या दुसऱ्या प्रकाराला चारही टायरची हवा सारखीच कमी झाली तर पत्ता लागत नाही, आणि हवा भरल्यावर किंवा टायर बदलल्यावर यंत्रणा रीसेट करावी लागते. ते विसरलं की चुकीच्या दाबालाच ती बरोबर मानून बसते.

११. रन-फ्लॅट काढून चारही साधे टायर लावले तर चालेल का?

तांत्रिकदृष्ट्या बहुतेक गाड्यांना चालतं. माप, भार निर्देशांक (टायर किती वजन पेलतो) आणि वेगाची श्रेणी (किती वेगापर्यंत चालतो) पुस्तिकेत दिल्याप्रमाणे किंवा त्याहून वरची हवी. रिम बदलावे लागत नाहीत. गाडी मऊ चालते, आवाज कमी होतो. रन-फ्लॅट धरूनच सस्पेन्शन बसवलेल्या गाड्यांमध्ये वळणावरचा नेमकेपणा किंचित कमी झाल्यासारखा वाटतो. काहींना तो खटकतो, काहींना जाणवतही नाही.

खरी अडचण दुसरीच. रन-फ्लॅट काढताना तुम्ही नुसता टायर बदलत नाही, गाडीतली स्टेपनीसुद्धा काढून टाकता, कारण त्या गाडीत रन-फ्लॅट हीच स्टेपनी होती. त्या गाडीत बहुधा जॅक नाही, पाना नाही, पंप नाही. टायर बसवून घेऊन आनंदाने घरी जाणारे बरेच जण याचा विचार पहिल्या पंक्चरच्या दिवशी करतात. सोय काय काय करता येते ते प्रश्न १३ आणि १४ मध्ये आहे. ती आधी ठरवा, टायर नंतर.

विमा आणि वॉरंटीच्या अटीही बघून घ्या. काही ठिकाणी मूळ प्रकारापेक्षा वेगळा टायर हा गाडीतला बदल मानतात आणि तो कळवावा लागतो. गाडी लीजवर असेल तर परत देताना मूळ प्रकारचेच टायर मागण्याची शक्यता असते.

१२. सगळं समजलं, पण मी नेमकं काय घेऊ?

पंक्चर झाल्यावर ८० किलोमीटरच्या आत तुमच्या मापाचा टायर मिळेल का, हे आधी बघा. नुसता टायरवाला मिळून भागत नाही. रन-फ्लॅट तुम्हाला दुकानापर्यंत पोचवतो; त्या दुकानात २५५/४० आरएफ १९ नसेल तर गाडी तिथेच दोन-तीन दिवस उभी राहते. साध्या टायरचं पंक्चर मात्र लहान ठिकाणीही निघतं.

त्यामुळे शहरात आणि शहरांमधल्या मोठ्या रस्त्यांवर फिरणाऱ्या, रात्री-बेरात्री एकट्याने गाडी चालवणाऱ्या, चाक बदलणं अंगाला न झेपणाऱ्या माणसाला मी रन-फ्लॅटच सांगेन. वेगवान रस्त्याच्या कडेला, अंधारात, शेजारून ट्रक जात असताना चाक बदलणं हे धोक्याचं काम आहे. ते टळतं, आणि हवा अचानक गेली तरी गाडी हातात राहते, हा रन-फ्लॅटचा मोठा फायदा. त्यापुढे थोडे दणके काहीच नाहीत.

लांबच्या, विरळ वस्तीच्या वाटा आणि खराब रस्ते नेहमीचे असतील तर साधा टायर, शक्य तितक्या उंच साइडवॉलचा, आणि डिकीत पूर्ण मापाची स्टेपनी. याला दुसरा तोड नाही.

मधल्या लोकांसाठी: गाडीला मुळात रन-फ्लॅट आहेत, स्टेपनीला जागा नाही आणि चालताना तुम्हाला फारसा त्रास होत नाही, तर आहेत तेच पुढे चालू ठेवा. निव्वळ किंमत वाचते म्हणून बदलू नका. पण दणक्यांनी पाठ धरते म्हणून बदलत असाल, तर बिनधास्त बदला आणि वाचलेल्या पैशातून पंप, किट किंवा चाक घ्या.

१३. डिकीत स्टेपनीला जागाच नाही. तरी ठेवता येईल का?

काही मॉडेल्सना बारीक स्टेपनी बसते. ती घेताना तीन गोष्टी तपासा: पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला (ब्रेक दाबणाऱ्या भागाला) रिम अडत नाही ना, बोल्टची जागा आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं) जुळतो ना, बाहेरचा व्यास बाकीच्या चाकांच्या जवळपास आहे ना. बारीक स्टेपनीचा दाब साधारण ६० पीएसआय असतो, म्हणजे नेहमीच्या चाकाच्या जवळजवळ दुप्पट, आणि वेगमर्यादा ताशी ८०. तिची हवा महिनोन्महिने कुणी बघत नाही, आणि लागते तेव्हा तीच बसलेली असते.

चाक डिकीत नुसतं पडलेलं नको. अपघातात १५ किलोचं सुटं चाक मागच्या सीटवर येऊन आदळतं. पट्ट्याने पक्कं बांधता येत नसेल तर न ठेवलेलं बरं. जॅक आपल्या गाडीच्या वजनाला पुरेल असा घ्या आणि तो लावायच्या जागा पुस्तिकेत आधीच बघून ठेवा.

१४. मग सीलंट किटवर भरवसा ठेवावा का?

नक्षीच्या भागात घुसलेल्या खिळ्यासाठी, हो. साधारण ४ ते ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक ते बुजवतं. साइडवॉलवरचा काप, मोठी फट, वाकलेला रिम यांपुढे ते काहीच करू शकत नाही. बाटलीवर मुदत लिहिलेली असते, बहुधा चार-पाच वर्षांची. जुन्या गाडीतलं किट काढून एकदा तारीख वाचाच. सीलंट टाकल्यावरही वेग ८० च्या आत ठेवायचा, काही किलोमीटर चालून दाब पुन्हा मोजायचा आणि लवकरात लवकर टायरवाल्याकडे जायचं. त्याला सीलंट टाकल्याचं आधीच सांगा. आत चिकट द्रव भरलाय हे टायर उतरवताना कळलं तर तो वैतागतो, आणि आतला सेन्सरही पुसून घ्यावा लागतो.

हवेचा पंप मात्र कुठलाही टायर असला तरी गाडीत हवाच. बरीच पंक्चरं हळू गळणारी असतात, आणि दर तासाला हवा भरत घरी पोचता येतं.

१५. माझ्या गाडीला साधे टायर आहेत. त्यावर रन-फ्लॅट चढवू का?

दाबाची सूचना देणारी यंत्रणा नसेल तर अजिबात नाही. असेल तरी रिमचा मुद्दा आहे (प्रश्न १९), आणि सस्पेन्शन या कडकपणासाठी बसवलेलं नसतं, त्यामुळे गाडी उगाच कडक वाटू शकते. ब्रिजस्टोनने ड्राइव्हगार्ड नावाने मुळात साधे टायर असलेल्या गाड्यांसाठीच रन-फ्लॅट काढले; घ्यायचेच असतील तर अशा हेतूने बनवलेले शोधा.

१६. दोन रन-फ्लॅट आणि दोन साधे असं चालेल?

एकाच अॅक्सलवर कधीच नाही. डावीकडचा टायर एका पद्धतीने दबतो आणि उजवीकडचा दुसऱ्या, तर जोरात ब्रेक मारल्यावर किंवा ओल्या वळणावर गाडी कशी वागेल याचा भरवसा नाही. पुढे एक प्रकार आणि मागे दुसरा हेही कंपन्या नको म्हणतात. अडचणीत घरी पोचण्यापुरतं लावलं तर सावकाश जा आणि लवकर बदला.

१७. गाडी चारही चाकांवर चालणारी आहे आणि एकच रन-फ्लॅट गेला. चारही बदलायचे का?

बाकीचे किती झिजलेत त्यावर. नवा आणि जुना टायर यांच्या नक्षीच्या खोलीत फरक असला की व्यासात फरक पडतो आणि मधल्या गिअरच्या यंत्रणेवर सतत ताण येतो. बऱ्याच कंपन्या २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाहीत. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. बाकीचे तिन्ही निम्म्याहून जास्त झिजले असतील तर एकट्या नव्या टायरवर पैसे घालू नका. रन-फ्लॅटचं दुरुस्त न होणं सगळ्यात महागात पडतं ते याच गाड्यांमध्ये.

१८. रन-फ्लॅटमध्ये हवा जरा कमी ठेवली तर मऊ चालेल ना?

चालेल, आणि टायर लवकर मरेल. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेला दाबच ठेवा, टायर थंड असताना मोजून. साइडवॉल मजबूत आहे म्हणून कमी हवेत चालेल हा गैरसमज आहे. कमी हवेत ती रोज जास्त वाकते, जास्त तापते, आणि खऱ्या पंक्चरच्या दिवशी साथ द्यायला उरत नाही. गाडीत भार जास्त असेल तेव्हाचा वेगळा आकडाही त्याच स्टिकरवर असतो.

१९. रन-फ्लॅटसाठी रिम वेगळे लागतात का?

बऱ्याच वेळा हो. टायरची कड, म्हणजे बीड, रिमवर ज्या खाचेत बसते तिच्या आतल्या बाजूला उंचवटा असतो. रन-फ्लॅटसाठी बनवलेल्या रिममध्ये हा उंचवटा मोठा असतो, म्हणजे हवा नसताना वळण घेतलं तरी बीड आत घसरत नाही. रिमवर 'ईएच२' किंवा 'ईएच२+' असं कोरलेलं असतं. बाजारातले देखणे अलॉय घेताना हे कुणी विचारत नाही. साध्या रिमवर रन-फ्लॅट बसतो, हवाही धरतो; फरक कळतो तो हवा गेल्यावर.

उलट दिशेने अडचण नाही: अशा रिमवर साधे टायर बसतात, चढवायला जरा जास्त कष्ट पडतात इतकंच. रन-फ्लॅट चढवायला-उतरवायला मदतीचा हात असलेलं यंत्र लागतं. पहारीने उचकटणाऱ्याकडे दिलं तर बीड फाटते किंवा आतला सेन्सर तुटतो.

२०. खड्ड्यात आपटून साइडवॉलवर फुगा आलाय. रन-फ्लॅट आहे, मग चालवू का?

नाही. फुगा म्हणजे आतले धागे तुटले आहेत. ज्या भिंतीच्या जोरावर हा टायर चालणार होता तीच मोडली आहे. बदला, आणि रिमही तपासून घ्या. कडक साइडवॉल धक्का स्वतः न गिळता बराचसा रिमकडे ढकलते, त्यामुळे अलॉयला बारीक तडा गेलेला असू शकतो. हवा हळूहळू उतरतेय पण खिळा सापडत नाही, अशी तक्रार असेल तर आधी रिमच्या आतल्या कडेला बघा.

साइडवॉलला लहान भोक पडलं असेल तर मात्र वेगळं. रन-फ्लॅट तुम्हाला मर्यादेत दुकानापर्यंत नेईल, जे सीलंट किंवा सेल्फ-सीलिंग टायरला जमणार नाही. दुरुस्ती मात्र होणार नाही.

२१. ट्रेलर ओढताना पंक्चर झालं तर?

हवा गेलेल्या रन-फ्लॅटवर ट्रेलर ओढायचा नाही. ट्रेलर सोडा, मग गाडी हलवा.

२२. जुनी गाडी घेतोय, टायर रन-फ्लॅट आहेत आणि नक्षी भरपूर आहे. काय बघू?

बाजूवर लिहिलेल्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे बघा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '३२२१' म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. पाच वर्षांपुढचे टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत, आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढून टाकावेत.

मग चारही टायर एकाच प्रकारचे आहेत का ते वाचा. तीन रन-फ्लॅट आणि एक साधा अशा गाड्या विकायला येतात. त्यानंतर दाबाचा दिवा: चावी फिरवल्यावर तो क्षणभर लागून विझायला हवा. लागलाच नाही तर तो बंद करून ठेवलेला असू शकतो. शेवटी, रन-फ्लॅट पूर्वी हवेविना चालवला होता का हे बाहेरून कळण्याचा काही मार्ग नाही. मालकाला विचारा, आणि उत्तर गुळमुळीत वाटलं तर व्यवहाराआधी टायर उतरवून आत बघू देण्याची अट घाला. तो तयार नसेल तर चारही टायरची किंमत गाडीच्या किमतीतून वजा करून बोला.